नाल्यात मिनी पोकलेन उतरवण्याआधी

नालेसफाईचं काम हातात आलं की पहिला फोन मशीनवाल्याला जातो. तो दुसरा करा. आधी तिथी बघा. मिठी, ओशिवरा, पोयसर, दहिसर या मुंबईतल्या नद्यांच्या मुखाकडे आणि खाडीला मिळणाऱ्या नाल्यांत सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी कमरेला लागतं, तेही पावसाचा थेंब नसताना. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट ही भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे सकाळी नवाच्या आसपास ओहोटी. हा झाला अंदाज. नेमकी वेळ त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून घ्या, आणि आत नाल्यात पाणी खाडीपेक्षा उशिरा उतरतं हे आदल्या दिवशी काठावर उभं राहून पाहून घ्या.

पौर्णिमा-अमावस्येच्या ओहोटीला तळ उघडा पडतो, म्हणून कंत्राटदारांना ते दिवस आवडतात. मला अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी, बरा वाटतो. पाणी पुरतं हटत नाही, पण धावूनही येत नाही. उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर ओहोटी-भरतीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो आणि त्यातला निम्मा चढ तिसऱ्या-चौथ्या तासात होतो. पहिल्या तासात पाणी हललेलं कळतही नाही, फसगत तिथेच होते. म्हणून ओहोटीचा तळ गाठल्यावर तासाभरात मशीन काठावर आलंच पाहिजे. ती वेळ चुन्याने भिंतीवर लिहा, म्हणजे ‘शेवटचे दोन बकेट’ हा वाद होत नाही. जूनमध्ये काम लांबलं तर कुर्ल्याचं आकाश बघून भागत नाही. मिठी विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यावरून येते, त्यामुळे तिकडच्या पावसाची चौकशी करणारा एक माणूस ठेवा.

मशीन किती पाण्यात चालेल हे मॅन्युअलमध्ये असतं. बहुतेक ठिकाणी मर्यादा चेनच्या (मशीन ज्यावर चालतं त्या साखळीपट्ट्याच्या) वरच्या रोलरच्या मध्यापर्यंत असते, पण मॉडेलप्रमाणे बदलते. तेवढ्या उंचीवर चेनच्या फ्रेमला रंगाचा पट्टा मारा, काठावरच्या माणसाला तो दिसला पाहिजे. वरचा भाग ज्या बेअरिंगवर फिरतो ते बुडालं तर आतलं ग्रीस धुऊन जातं. इंजिनच्या पंख्याला पाणी लागलं तर पातं तुटून रेडिएटरवर बसू शकतं.

तळाचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नका. नाल्यातला गाळ वरून जमिनीसारखा दिसतो. लांब बांबू खुपसून प्रत्येक पावलाला ठाव घ्या, पुढे गेल्यावर बकेटने दाबून बघा. बांबू सहज आत जात असेल तिथे लोखंडी प्लेटा टाकल्याशिवाय चेन नेऊ नका. उतरायचा रॅम्प तोच चढायचा रॅम्प, त्याच्या तोंडाशी गाळाचे ढीग टाकू नका. संरक्षक भिंतीच्या पायथ्याची माती उकरू नका, भिंत मशीनवरच येते. आडव्या गेलेल्या केबल, गॅसचे पाइप आणि डोक्यावरच्या तारा आधी वॉर्ड ऑफिसच्या माणसाबरोबर फिरून खुणा करून घ्या.

ऑपरेटरने सीटचा पट्टा बांधावाच. मशीन कलंडलं तर बाहेर फेकला गेलेला माणूस त्याच्याचखाली सापडतो. मात्र पट्टा एका हाताने सोडून केबिनमधून बाहेर पडायचा सराव कोरड्यावर करून घ्या आणि काच फोडायची हातोडी हाताशी ठेवा. गुडघाभर पाण्यातही तोंड खाली गेलं की माणूस बुडतो. हेल्पर बकेटच्या टप्प्याबाहेर, लाइफ जॅकेट घालून, दोर घेऊन उभा असावा. इशारे देणारा एकच असावा. झाकलेल्या नाल्याखाली गॅस मीटरशिवाय कुणी जाऊ नये. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की तो वासच कळेनासा होतो. पायाला जखम असलेल्याला गमबूट असले तरी पाण्यात पाठवू नका, लेप्टोची (घाण पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाची) भीती असते.

पाण्यात बुडणाऱ्या पिनांना कामाच्या मध्यावर पुन्हा ग्रीस द्या. वर आल्यावर चेन आणि बूम (मशीनचा लांब हात) गोड्या पाण्याने धुवा, खारं पाणी रात्रभर राहू देऊ नका. चेनच्या मोटरमधलं गिअर ऑइल थोडं काढून बघा. ते दुधासारखं दिसलं, तर सील बदलेपर्यंत मशीन पाण्यात उतरवू नका.