शेतातून दर आठवड्याला येणारा भाज्यांचा बॉक्स रात्रीच्या जेवणात कसा संपवायचा

शेतकऱ्याला सीझनचे पैसे आधी द्यायचे आणि मग दर आठवड्याला शेतात जे निघेल त्यातला आपला वाटा घरी आणायचा, अशी स्कीम घेतली की बॉक्समध्ये काय येणार ते आपल्या हातात राहत नाही. त्यामुळे आधी रेसिपी ठरवून मग भाजी शोधायची सवय इथे चालत नाही. आधी बघायचं की लवकर काय खराब होणार आहे, आणि त्यावरून आज काय शिजवायचं ते ठरवायचं.

पहिली स्टेप बॉक्स आला त्याच दिवशी करायची, अर्धा तास जातो पण सगळा आठवडा सोपा होतो. गाजर, बीट, मुळा पाल्यासकट आले असतील तर पाला लगेच कापा, कारण तो खालच्या कंदातलं पाणी ओढत राहतो आणि मग कडक गाजर रबरासारखं वाकायला लागतं. पाला टाकू मात्र नका हं, बीटाचा आणि मुळ्याचा पाला पालकासारखाच शिजतो. पालेभाजी धुतलीत तर पूर्ण कोरडी करा नाहीतर न धुताच ठेवा, ओली जुडी पिशवीत कोंबली की आतली पानं चिकट काळी होतात आणि वास मारतो. सुती कापडात सैल गुंडाळून डब्यात ठेवली तर छान टिकते. टोमॅटो पिकेपर्यंत फ्रिजबाहेर, बटाटे अंधारात आणि कांद्यापासून लांब. सफरचंद, केळी पालेभाज्यांजवळ नकोत, त्यांच्यातून इथिलीन गॅस निघतो आणि पानं पिवळी पडतात.

मग क्रम लावा. पहिले दोन दिवस पानं, त्यानंतर वांगी, झुकिनी, फरसबीसारख्या शेंगा, ब्रोकोली, आणि कोबी, गाजर, बीट, भोपळा आठवड्याच्या शेवटी. ही मंडळी थांबतात.

आता रोजचा स्वयंपाक. थकून आल्यावर दहा प्रकार करू नका, दोन पद्धती हाताला बसल्या की पुरे. एक म्हणजे कढई: तेलात कांदा-लसूण, त्यावर कडक भाज्या आणि देठं, ती अर्धी शिजली की मऊ भाज्या, आणि पानं अगदी शेवटच्या मिनिटाला. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळा, आधी पिळलंत तर हिरवा रंग मळकट होतो. वरून अंडं फोडा किंवा शिजवलेलं कडधान्य घाला, जेवण झालं.

दुसरी ओव्हनची, मला स्वतःला हीच जास्त आवडते, कारण मधल्या वेळात हात मोकळे असतात. २०० ते २२० डिग्री सेल्सिअस, भाज्यांचे सारख्या आकाराचे तुकडे, तेल-मीठ चोळून ट्रेमध्ये एकाच थरात आणि तुकड्यांमध्ये जागा सोडून. इथेच बहुतेकांचं चुकतं, सगळं एका ट्रेमध्ये गच्च भरलं की भाज्या आपल्याच वाफेवर उकडतात, कडा तपकिरी होतच नाहीत. दोन ट्रे घ्या पण गर्दी नको. गाजर-भोपळ्याला साधारण ३० मिनिटं लागतात, मध्ये एकदा परता. जास्तीच भाजा म्हणजे दुसऱ्या दिवशी त्यातच गरम पाणी घालून घोटलं की सूप तयार, फक्त उरलेलं २ तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा आणि ३-४ दिवसांत संपवा.

आणि तरीही पुढचा बॉक्स दारात यायच्या आदल्या रात्री शेंगा किंवा पालक उरलेच असतील तर टाकायची घाई करू नका. उकळत्या मिठाच्या पाण्यात पालक १-२ मिनिटं, शेंगा ३ मिनिटं, काढून लगेच बर्फाच्या पाण्यात, म्हणजे रंग टिकतो. शेंगा कापडावर कोरड्या करा, पालक मुठीत घट्ट पिळा, बरंच हिरवं पाणी निघतं, ते निघायलाच हवं. त्याचे एकावेळी लागतील एवढे गोळे करून पिशवीत भरा, तारीख लिहा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. ज्या दिवशी काहीच सुचत नाही त्या दिवशी एक गोळा थेट गरम कढईत टाकायचा.