हॅलो पोचतंय, पण शेजार जुळेना

सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेच्या तयारीत सिडकोतल्या खोलीवर रात्री दोन राउटर जोडून ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना रस्ते सांगायचा प्रोटोकॉल) लावत होतो. शेजारी दिसायचा, पण 'फुल', म्हणजे पूर्ण जुळलेला, काही होईना. एका बाजूला एक्सस्टार्ट, दुसरीकडे एक्सचेंज, 'फुल'च्या आधीच्या या पायऱ्यांवरच अडकलेलं.

आधी नेहमीचे संशयित तपासले. एरिया एकच, हॅलो (मी आहे असं सांगणारं पॅकेट) दर 10 सेकंदांनी, डेड (हॅलो आलं नाही तर शेजारी गेला असं मानायची मुदत) 40, सबनेट मास्कही सारखा. पिंग तर मस्त चालू! त्या पिंगनेच मला तासभर फसवलं, कारण त्याचं पॅकेट जेमतेम 100 बाइटचं.

शेवटी 'डीबग आयपी ओएसपीएफ अ‍ॅडजसन्सी' चालवलं, आणि ओळ आली: समोरच्याचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, मोठा आहे. आदल्या आठवड्यात टनेलच्या सरावासाठी मीच एका इंटरफेसवर आयपी एमटीयू 1400 केला होता, दुसरीकडे 1500. हॅलोमध्ये एमटीयू नसतो, तो डेटाबेस डिस्क्रिप्शन, म्हणजे आपल्याकडच्या माहितीची यादी देणाऱ्या, पॅकेटमध्ये जातो. आपल्यापेक्षा मोठा आकडा दिसला की राउटर ते पॅकेट सरळ नाकारतो.

मित्र म्हणाला, "एमटीयू-इग्नोर टाक ना भाऊ." त्याने एमटीयूची ही तपासणीच बंद होते. चालतं ते, पण मला ती मलमपट्टी वाटते. 1400 ची ओळ काढली, काही सेकंदांत फुल. सकाळी मिसळीवर त्यालाच बिल भरायला लावलं.