यंदाची ॲथलेटिक्स टीम आणि पावसाळा संपायच्या आतली कामं

शंभर मीटरचा आपला हुकमी पळणारा पदवी घेऊन गेला, आता चॅम्पियनशिप विसरा, असं जिमखान्यात ऐकू येतंय. मला ते पटत नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या पुणे शहर विभागात शंभरला प्रत्येक कॉलेजचा एखादा तयारीचा पोरगा असतोच. गुण पडून राहतात ते चारशे हर्डल्स, स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारत लांब पळणं), हातोडाफेक असल्या प्रकारांत, कारण तिथे नावं द्यायलाच कोणी पुढे येत नाही. यंदा तयारी तिथून सुरू करायची. आणि रिले.

बोनाफाईड, पात्रतेचा फॉर्म, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, फोटो हे सगळं प्रवेशाच्या गडबडीतच उरकून घ्या. फॉर्मवर नाव गुणपत्रिकेवर आहे तसंच लिहा. एटीकेटीवाल्यांनी, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्षात गेलेल्यांनी, सरांना आजच भेटावं, यादी गेल्यावर नको.

आपलं ग्राउंड गणपती होईपर्यंत चिखलातच असणार. तोवर चढावरचं पळणं हनुमान टेकडीवर, तेही उघडीप असेल तेव्हाच. आठवड्यातून एकदा तरी सणस मैदानाचा सिंथेटिक ट्रॅक मिळवा. बालेवाडी लांब पडतं, पण स्पर्धेआधी तिथे पाय लागलेले बरे. मातीसाठी बुटांना लावलेले लांब खिळे तसेच घेऊन जाऊ नका. सिंथेटिकवर ९ मिलीमीटरपर्यंतच चालतात, उंच उडी आणि भाल्याला १२. खिळ्यांची चावी प्रत्येकाच्या सॅकमध्ये हवी, टीममध्ये एकच नको.

आता रिले, कारण मुलींच्या चार बाय शंभरवर (चौघींनी शंभर-शंभर मीटर पळत हातातली नळी, म्हणजे बॅटन, पुढचीला द्यायची) माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. चौघींतली एकही एकटीने विभाग जिंकेल अशी नाही, पण बॅटन न अडखळता फिरला तर टीम जिंकेल. काही सीनियर अजून बॅटन बदलायला २० मीटरचा झोन (आखलेला पट्टा) आणि त्यामागे वेग घ्यायला १० मीटरची धाव असं शिकवतात. ते जुनं झालं. २०१८च्या मोसमापासून सलग ३० मीटरचा झोन आहे आणि बॅटन त्याच्या आतच बदलायला हवा. मोजतात ते बॅटन कुठे आहे, पाय कुठे आहेत ते नाही. पहिलीने उजव्या हातात घ्यायचा, दुसरीने डाव्या, तिसरीने उजव्या, चौथीने डाव्या, म्हणजे वळणावरच्या दोघी लेनच्या आतल्या कडेने पळतात आणि हात बदलावा लागत नाही. चेकमार्कची, म्हणजे मागची जिथे पोचली की पुढचीने पळायला लागायचं त्या खुणेची, पावलं प्रत्येकीने वहीत लिहून ठेवा. खूण चिकटपट्टीची आणि एकच. आणि कृपा करून जॉगिंग करत बॅटन देण्यावर महिना घालवू नका. पूर्ण वेगात देऊन पाहिल्याशिवाय खूण बरोबर आहे का ते कळतच नाही.

पाच हजारवाल्या मुलांपैकी एकाने स्टीपलचेसला वळावं. अविनाश साबळेसुद्धा सैन्यात गेल्यावर क्रॉस कंट्रीतून इकडे आला आणि २०२२मध्ये बर्मिंगहॅमला ८:११.२० वेळेत राष्ट्रकुलचं रौप्य घेऊन गेला. तीन हजार मीटरमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. पाण्याचा खड्डा आपल्याकडे नाही, पण ९१.४ सेंटीमीटरचा अडथळा सुताराकडून जड लाकडाचा करून घेता येईल. हर्डलसारखा पडणारा नको. दमल्यावर धक्क्याने न पडणाऱ्या लाकडाची भीती मोडायला हवी. चारशे हर्डल्सला पहिला अडथळा ४५ मीटरवर, पुढे प्रत्येकी ३५. निदान पहिल्या तीन अडथळ्यांपर्यंतची पावलं दिवाळीआधी पक्की करा.

शाळेत हलका गोळा टाकून आलेल्या फर्स्ट इयरच्या मुलांनी जुनी अंतरं सांगू नयेत, इथे ७.२६ किलो आहे. लांब उडीवाल्यांनो, २०२१च्या अखेरीपासून फाऊल उडीच्या फळीपुढच्या प्लॅस्टिसिनवर (मऊ मातीसारखा लगदा) उमटलेल्या ठशावर ठरत नाही. उडताना बुटाचं टोक रेषेच्या पुढे तरंगत असलं तरी लाल झेंडा.

शेवटचं, औषधं. बाजारातल्या कितीतरी कफ सिरपमध्ये टर्ब्युटालिन हे श्वासनलिका मोकळी करणारं औषध असतं, आणि त्यावर स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंदी आहे. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत पोचायची इच्छा असेल तर घरात खोकल्याची बाटली उघडण्याआधी मागचं लेबल वाचा, डॉक्टरांना आपण खेळाडू आहोत हे सांगा, आणि जिममधल्या दादाने दिलेली पावडर त्यालाच परत करा.