रेसिडेन्ट ईव्हिल झिरो: सामान आणि जोडीदार, दोन्हीकडे होणाऱ्या चुका

रेसिडेन्ट ईव्हिल या झॉम्बींच्या व्हिडिओ गेम मालिकेतले बाकीचे गेम खेळून झिरोकडे वळणारेच इथे जास्त मार खातात. त्यांना सामान ठेवायच्या पेटीची सवय असते. पहिल्या गेममध्ये एका खोलीतल्या पेटीत ठेवलेली वस्तू दुसऱ्या खोलीतल्या पेटीतून निघायची. इथे पेटीच नाही. आपण खेळतो ती दोन पात्रं म्हणजे रेबेका आणि बिली. रेबेकाकडे सहा कप्पे, बिलीकडे सहा, बाकी सगळं जमिनीवर. 2002 साली निन्टेन्डोच्या गेमक्यूब या कन्सोलवर आलेला हा नियम 2016च्या एचडी आवृत्तीतही तसाच आहे.

त्यामुळे पहिली चूक म्हणजे कप्पे भरले की उभ्या जागी सामान टाकणं. टाकलेल्या वस्तू नकाशावर दिसतात खऱ्या, पण तिथवर जायला झॉम्बींमधूनच जावं लागतं. माझं हुकशॉटमुळे, म्हणजे दोरीचा आकडा फेकणाऱ्या बंदुकीमुळे झालं. गेमच्या सुरुवातीच्या रेल्वेच्या टपावर चढायला लागणारी ही वस्तू एकटी दोन कप्पे अडवते. रेल्वेनंतरच्या प्रशिक्षण केंद्रात पोचल्यावर वैतागून मी ती एका टोकाच्या खोलीत टाकली आणि विसरलो. पुढे ती परत लागते! आणायला गेलो तेव्हा जाऊन-येऊन पिस्तुलाच्या गोळ्या संपल्या, जखमा भरणाऱ्या हिरव्या पाल्याच्या दोन कुंड्याही गेल्या. आता केंद्रात शिरल्या शिरल्या मुख्य दालनालाच गोदाम करतो. जिन्याजवळ शस्त्रं, बाजूला पाला, दाराशी किल्ल्या. लग्नघरातली सामानाची खोली दिसते तसं ते दालन दिसतं, पण सगळ्या वाटा तिथूनच फुटतात. खेळ सेव्ह करायला लागणारी शाईची रिबन मात्र टाइपरायटरच्या पायाशीच ठेवा. खिशात घेऊन फिरलात तर एक कप्पा उगाच जातो.

आणि हो, रेल्वे थांबवायच्या आधी डब्यांमधून एक शेवटची फेरी मारा. गाडी आदळली की त्यात परत जाता येत नाही.

दुसरी चूक जोडीदाराबाबतची, म्हणजे त्या वेळी तुम्ही चालवत नसाल त्या पात्राबाबतची. त्याला हल्ल्याच्या मोडवर ठेवून हातात शॉटगन दिली, तर समोर लंगडत येणाऱ्या एकट्या झॉम्बीवरही तो दोन-तीन काडतुसं उडवतो. जोडीदाराला पिस्तूल द्या, गोळ्या मोजक्या द्या, अरुंद बोळात तर त्याला नुसतं उभंच ठेवा. मार लागला तर तो स्वतःहून पाला खात नाही, तुम्हीच लक्ष ठेवायचं. दोघांपैकी कुणीही मेलं तरी खेळ खलास.

कामाची वाटणीही पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. पाला आणि रसायनं मिसळणं फक्त रेबेकाला जमतं, जड वस्तू ढकलणं बिलीला. रेबेका लवकर कोसळते, म्हणून नवी खोली उघडताना पुढे बिली असावा. पण म्हणून सगळी चांगली शस्त्रं बिलीच्याच खिशात कोंबली, तर पस्तावाल. हा गेम दोघांची फारशी कल्पना न देता ताटातूट करतो. महाकाय गोम रेबेकाला उचलते तेव्हा लढायला बिली एकटा असतो, तर पुढे टायरंट या महाकाय राक्षसाशी पहिली गाठ पडते ती एकट्या रेबेकाची. त्या वेळी ग्रेनेड लाँचर बिलीकडे असेल, तर पिस्तुलावर भागवा! मी भागवलंय, मजा येत नाही.

जळवांपासून बनलेला, हात लांबवून फटके मारणारा माणूस दिसला की पिस्तूल चालवत बसू नका. त्याला आग सोसत नाही, म्हणून रिकाम्या बाटल्या आणि पेट्रोल दिसेल तिथे उचलून मोलोटोव्ह, म्हणजे पेट्रोल बॉम्ब, तयार ठेवा. नसेल तर सरळ दाराकडे पळा.