रिकॉलचं पत्र डोंबिवलीला, गंजलेली गाडी नेरुळात

माझी गाडी सेकंडहँड, एमएच-०५ ची. एका रविवारी पहिल्या मालकांचा डोंबिवलीहून फोन आला, "वहिनी, तुमच्या गाडीचं कंपनीचं पत्र माझ्याकडे आलंय." पत्र रिकॉलचं होतं, म्हणजे गाडीतला बनावटीचा दोष काढून द्यायला कंपनी ती परत बोलावते त्याचं, तेही दोन महिने त्यांच्या टीव्हीखाली पडलेलं. आरसी माझ्या नावावर झाली तरी कंपनीच्या वहीत पत्ता त्यांचाच होता. गाडी जुनी घेतली असेल तर पत्राची वाट पाहू नका.

आरसीवरचा चेसिस नंबर घ्या. सतरा अक्षरं-अंक असतात. त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू वापरत नाहीत, तेव्हा ओ वाटतो तो शून्यच. मी आधी तिथेच अडकले होते. कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या पानावर तो टाका, नाहीतर सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा. जुळला तर काम फुकट होतं, वॉरंटी संपली असली तरी. जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटर कामं लिहितं त्या कागदावर, 'रिकॉल' असं लिहून घ्या. जोडीला बिलात काही घुसवलं तर 'हे वेगळं' म्हणून सांगा. १ एप्रिल २०२१ पासून सरकारही रिकॉलचा आदेश देऊ शकतं, पण सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी.

आता गंजाचं. अमेरिकेत हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. २०२३ च्या जानेवारीत होंडाने तिथल्या २००७ ते २०११ च्या सुमारे ५ लाख ६४ हजार सीआर-व्ही परत बोलावल्या. मिठाने सांगाडा गंजून मागच्या सस्पेन्शनचा ट्रेलिंग आर्म (चाक सांगाड्याला जोडणारा दांडा) निखळायची भीती होती. पण फक्त थंडीतल्या २२ राज्यांत आणि वॉशिंग्टन डीसीत. आपल्याकडे रस्त्यावर मीठ कोणी टाकत नाही, ते खाडीवरून फुकट येतं. नवी मुंबईत खाडीलगतच्या पाम बीच रोडला उभी राहणारी गाडी आणि भरतीच्या वेळी तुंबलेल्या पाण्यातून काढलेली गाडी, दोन्हींना खालून मीठ लागतंच. त्यासाठी पत्र येणार नाही. खाली आपणच बघायचं.

गणपतीत कोकणात जायच्या आधी गाडी रॅम्पवर घ्यायला लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालू नका, कोणी कितीही घाई केली तरी. लोअर आर्म (चाकाला धरणारा खालचा दांडा), सबफ्रेम (इंजिन-सस्पेन्शन पेलणारी खालची चौकट), मागचा ॲक्सल, स्प्रिंगची खालची बैठक या जागा टॉर्च मारून बघा. वरवरचा तांबूस रंग चालतो. पापुद्रे सुटत असतील, फुगवटा असेल तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. धड लोखंड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. मग टोकाने टोचून बघा. टोक रुतलं तर तो भाग बदलायचाच, वेल्डिंगचा जुगाड लोअर आर्मला नको. बैठकीत चिखल साचतो, ओल महिनोन् महिने राहते, स्प्रिंग तिथूनच तुटते.

गॅरेजवाला लगेच "मॅडम, अंडरबॉडी कोटिंग मारून टाकू" म्हणेल. गंज न खरवडता कोटिंग मारलं तर ओल आतच कोंडते, शिवाय पाणी निघायची भोकंही बुजतात. आधी खरवडा, वाळवा, मग मारा. त्यापेक्षा पाऊस संपल्यावर वॉशिंग सेंटरला गोड्या पाण्याने खालून धुऊन घ्या, फक्त रबरी बूटांवर (सांध्यांवरची रबरी आवरणं) जवळून प्रेशर नको.

माझ्या गाडीचं रिकॉलचं काम तासाभरात झालं. पण रॅम्पवर असताना मागच्या डाव्या स्प्रिंगचं शेवटचं वेटोळं तुटून बैठकीत पडलेलं दिसलं. खड्ड्यात 'कट्' वाजायचं, मी आपली डिकीतल्या स्टेपनीला दोष देत होते. स्प्रिंगचा खर्च माझा. बदलाल तेव्हा दोन्ही बाजूंच्या जोडीने बदला, नाहीतर गाडी एका अंगाला कलून चालते.