कमी पैशातली चांगली इटालियन वाइन: बाटली निवडण्यापासून दुसऱ्या दिवशीच्या घोटापर्यंत

सांगली-तासगावची जीभ द्राक्षाला सरावलेली आहे, पण ती थॉमसन, सोनाका, माणिक चमन अशा बिनबियांच्या, पातळ सालीच्या गोड द्राक्षाला. लाल वाइनचं द्राक्ष बियांचं असतं आणि त्याचा रस साल-बियांसकट आंबवतात. म्हणून इटलीची लाल वाइन पहिल्या घोटाला तुरट, शिवाय आंबटही लागते आणि ‘बिघडलीये’ असा निकाल लगेच दिला जातो. खरं तर इटलीत वाइन बहुतेक जेवणाबरोबर घेण्यासाठी बनते आणि तिथे हा आंबटपणा हवाच असतो. बघायचं ते एवढंच, की त्या आंबट-तुरटपणाला पेलेल इतकं फळ, म्हणजे फळाची चव, वाइनमध्ये आहे का.

दुकानात आधी बाटलीची तब्येत बघा, नाव नंतर. समुद्रमार्गे आलेली बाटली आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या चाळीस अंशांत पत्र्याच्या गोदामात पडून राहिली, तर आतली वाइन प्रसरण पावते, बूच वर ढकलते आणि कडेने झिरपते. बूच उचललेलं असेल, आवरणाखाली चिकट ओघळ असेल किंवा उभ्या बाटलीत वाइनची पातळी मानेच्या खाली गेली असेल, तर कितीही सवलत असली तरी घेऊ नका. स्वस्त प्रोसेक्को (फेसाळ), सोआवे, पिनो ग्रिजो (दोन्ही पांढऱ्या) दोन वर्षांच्या आतलीच घ्या. या वाइन साठवून सुधारत नाहीत, त्यांचा ताजेपणा तेवढा जातो.

लेबलवरचं ‘डीओसी’ किंवा ‘डीओसीजी’ हे इटलीचं सरकारी नामांकन प्रदेश आणि बनवण्याचे नियम सांगतं, चवीची हमी देत नाही. सगळ्यात जास्त फसवणारं नाव मोन्तेपुल्चानो. ‘मोन्तेपुल्चानो द’आब्रुत्सो’मध्ये ते द्राक्षाचं नाव आहे, ‘व्हिनो नोबिले दि मोन्तेपुल्चानो’मध्ये ते टस्कनीतलं गाव आहे आणि द्राक्ष मुख्यतः सांजोव्हेजे नावाचं. दोन्ही लाल वाइन. पहिली सहसा बरीच स्वस्त मिळते आणि पैशाला भरपूर फळ देते, त्यामुळे सुरुवात तिच्यापासून करावी. तिच्याशेजारी बार्बेरा द’आस्ती ही लाल वाइन ठेवा: आंबटपणा भरपूर, तुरटपणा नावाला. या दोन शेजारी चाखल्या, की आंबट कुठे संपतं आणि तुरट कुठे सुरू होतं हे जिभेला नेमकं कळतं. टस्कनीतली साधी लाल कियान्ती तिसरी. तिच्यात किमान ७० टक्के सांजोव्हेजे असावं लागतं. प्रोसेक्को घेताना ‘ब्रूत’ आणि ‘एक्स्ट्रा ड्राय’ यांत गल्लत होते. एक्स्ट्रा ड्राय जास्त गोड असते, लिटरला १२ ते १७ ग्रॅम साखर; ब्रूतमध्ये १२ पर्यंतच.

तापमानाकडे दुर्लक्ष केलं तर पुढचं सगळं चाखणं वाया जातं. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला’ हा नियम थंड देशातला आहे. आपल्या ३२ अंशांच्या खोलीत नुसतं अल्कोहोल नाकात चढतं. लाल बाटली फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर आणा, पांढरी त्याहून बराच जास्त वेळ ठेवून ८ ते १० वर. लाल वाइन फारच गार झाली तर वास दबतो आणि तुरटपणा बोचतो. चाखताना जवळ उदबत्ती, गजरा, फोडणी नको. त्याआधी तासभर चहा-तंबाखूही नको. ग्लास भांड्याच्या साबणाचा वास जाईपर्यंत नुसत्या पाण्याने धुवा.

दोन-तीन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दुसऱ्या कुणाला क्रमांक घालायला सांगा. किंमत माहीत असली की जीभ प्रामाणिक राहत नाही. ग्लासात ५० मिली ओता. पांढऱ्या कागदावर तिरका धरा: कोवळ्या पांढऱ्या वाइनला तपकिरी झाक म्हणजे हवा लागली. ग्लास न हलवता एकदा हुंगा, मग गोल फिरवून पुन्हा. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचाचा दोष वाइनला लागलाय, शिजवलेल्या मुरंब्यासारखा आला तर बाटली तापलीये, नेलपॉलिशचा आला तर वाइन शिरक्याच्या वाटेवर आहे. या तिन्हींवर उपाय नाही. नुकत्या उघडलेल्या बाटलीला काडी ओढल्यासारखा वास मात्र दहा मिनिटांत उडून जातो, तेवढ्यासाठी ती नाकारू नका.

मग छोटा घोट घेऊन पाच-सहा सेकंद तोंडभर फिरवा. जिभेच्या कडांना पाणी सुटलं तो आंबटपणा, हिरड्या कोरड्या पडल्या तो तुरटपणा. घोट गिळू नका, थुंका आणि मनात सेकंद मोजा. फळाची चव पाचच्या आत गेली तर वाइन साधारण. दहापर्यंत टिकली तर त्या किमतीत फार चांगली. मागे नुसता तुरटपणा किंवा अल्कोहोलची जळजळ उरली, तर ते सेकंद चवीचे धरू नका. सोआवेच्या शेवटी येणारा बदामासारखा कडवटपणा दोष नाही, ओळख आहे.

दुसरी फेरी जेवणाबरोबर करा. झणझणीत रश्श्याबरोबर तुरट, जास्त अल्कोहोलची लाल वाइन तिखट आणखी पेटवते. तिथे बार्बेरा थोडी गार करून द्यावी. भडंगाबरोबर एक्स्ट्रा ड्राय प्रोसेक्को. मोन्तेपुल्चानो सुक्या मटणाजवळ ठेवा, मसाला बेताचा.

लाल बाटल्यांत अर्धी-अर्धी वाइन राखून, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा चाखा. जिचं फळ अजून टिकलंय, तिच्याच आणखी बाटल्या घ्या. जी एका रात्रीत पाणचट किंवा आंबूस झाली, तिची उरलेली वाइन मटण शिजवताना वापरा.