मार्च एंड जानेवारीतच उरकायला घ्या (छोट्या संस्था चालवणाऱ्यांसाठी)

आपलं वर्ष संपतं ३१ मार्चला, हे काय सांगायला नको. तरी दरवर्षी वीस मार्च उलटला की कोथरूडपासून हडपसरपर्यंत प्रत्येक संस्थेत तेच, व्हाउचर सापडत नाही, अध्यक्ष गावाला गेलेत म्हणून सही राहिली आणि सीए फोन उचलत नाही. उचलणार कसा, सगळे त्याच आठवड्यात त्याच्या मागे लागतात. मी एका छोट्या ट्रस्टची सचिव आहे, यातली प्रत्येक चूक एकदा तरी करून झालीये, म्हणून लिहितेय.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात खजिनदारांना घेऊन बसा, चहा मागवा आणि एका कागदावर हिशोब मांडा. समजा वर्षभरात ४० लाख उत्पन्न येईल असं दिसतंय. आयकराची सूट टिकवायची तर त्यातले ८५ टक्के, म्हणजे ३४ लाख, संस्थेच्या कामावर खर्च व्हायला हवेत, उरलेले १५ टक्के बिनशर्त ठेवता येतात. डिसेंबरपर्यंत २२ लाख गेले, पुढच्या तीन महिन्यांत पगार, भाडं, कार्यक्रम धरून साडेसात जातील, म्हणजे साडेचार लाखांचा खड्डा आहे. हा खड्डा जानेवारीत कळला तर फेब्रुवारीत ठरलेलं शिबिर नीट घेता येतं. २८ मार्चला कळला की मग लॅपटॉप खरेदी होते, आणि ते पुढे दोन वर्षं कपाटात खोक्यातच पडून राहतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय, आमच्याच कपाटात.

खर्च करणं शक्यच नसेल तर फॉर्म १० भरून ठराविक कामासाठी पाच वर्षांपर्यंत रक्कम राखून ठेवता येते. फक्त काम नेमकं लिहावं लागतं, 'समाजकार्य' असं मोघम चालत नाही, आणि विश्वस्तांचा ठराव हवा. अनुदान मंजूर झालंय पण पैसे हातात आलेच नाहीत तर त्याला फॉर्म ९ए आहे. दोन्हींची मुदत साधारण ३१ ऑगस्ट, पण ठरवायचं आत्ता.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला उशिरा कळलं. नुसतं बिल आलं म्हणजे खर्च झाला असं नाही, पैसे प्रत्यक्ष द्यायला लागतात. एका वर्षी छपाईचं बिल २८ मार्चचं होतं, मी निवांतपणे ६ एप्रिलला पेमेंट केलं आणि ती रक्कम त्या वर्षाच्या ८५ टक्क्यांत धरलीच गेली नाही. तेव्हापासून मी सगळ्या पुरवठादारांना सांगते, बाबांनो १५ मार्चपर्यंत बिलं द्या, नाहीतर एप्रिलमध्ये या. आणि रोखीने देऊ नका, एका दिवसात एका माणसाला १०,००० च्या वर रोख दिली तर तीही धरत नाहीत. टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा कर) कापायचा राहिला तरी त्या खर्चाचे ३० टक्के उडतात, मंडपवाला कितीही ओळखीचा असला तरी.

देणगीदारांचं काम फेब्रुवारीतच करा. ८०जी म्हणजे देणगीदाराला करात वजावट देणारं कलम. त्याची देणगीदारांची यादी, म्हणजे फॉर्म १०बीडी, ३१ मेपर्यंत भरायची असते, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. त्यात प्रत्येकाचा पॅन किंवा आधार लागतो, आणि मे महिन्यात सगळे कोकणात नाहीतर मुलाकडे अमेरिकेत असतात. आमच्या सदाशिव पेठेतल्या एक आजी दरवर्षी पाकिटात ५,००० रोख आणून देतात. त्यांना म्हटलं, आजी, रोख २,००० च्या वर असेल तर सूट मिळत नाही, चेक द्या ना. तर म्हणाल्या, "सूट तुझी तू ठेव, मला पावती दे, आणि नाव नीट लिही, मागच्या वेळी वेलांटी चुकली होती." तर पावती पुस्तक पण तपासा. आणि हो, नवीन कर पद्धत घेतलेल्यांना ८०जीची वजावट मिळत नाही, उगाच तसं सांगून देणगी मागू नका.

धर्मादाय आयुक्तांकडची कामं लोक विसरतात. उत्पन्न मर्यादेच्या वर असेल तर पुढच्या वर्षाचं बजेट वर्ष सुरू व्हायच्या किमान एक महिना आधी द्यायचं असतं, म्हणजे फेब्रुवारीअखेर. वर्षात कुणी विश्वस्त गेले किंवा बदलले असतील तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो, तो राहिलाय का बघा. हा अर्ज अडकला की पुढे बँकेत सह्या बदलतानाही अडतं, सगळं एकात एक गुंतलेलं आहे.

सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी दिलेले पैसे असतील तर हिंजवडी-चाकणच्या कंपन्यांना विनियोग प्रमाणपत्र (पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला) एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात हवं असतं, मार्चमध्येच कच्चं करून ठेवा. परदेशी निधीवाल्यांचं एफसी-४, म्हणजे त्या निधीच्या वार्षिक हिशोबाचा फॉर्म, डिसेंबरअखेर, त्याला वेळ आहे, पण खातं वेगळंच ठेवा.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय, त्यामुळे मी सांगितलेले फॉर्म आणि कलमांचे नंबर जुन्या कायद्यातले समजा आणि भरण्याआधी सीएला विचारा.

३१ तारखेला संध्याकाळी रोख पेटी दोघांनी मिळून मोजायची, नोटांचा तपशील लिहून दोघांनी सह्या करायच्या. गेल्या वर्षी आमच्या पेटीत ४० रुपये जास्त निघाले, खजिनदार काकांनी ते कुठून आले हे शोधायला रात्री साडेनऊपर्यंत आम्हाला बसवलं. रिक्षाचं एक व्हाउचर दोनदा लिहिलं होतं.